‘ओटीपी टाकला होता’ एवढ्यावर तक्रार फेटाळता येत नाही: बँकांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
सर्व व्यापारी व सहकारी बँकांच्या संचालक मंडळांचे अध्यक्ष
आणि ग्राहक सेवा समित्यांचे सदस्य यांस

विषय: अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांच्या तक्रारी फेटाळताना दिली जाणारी कारणे

स.न.वि.वि.

खात्यातून परस्पर पैसे गेल्याची लेखी तक्रार दिली, की काही आठवड्यांनी बँकेकडून जे उत्तर येते ते बहुधा दोन वाक्यांचे असते. ‘सदर व्यवहार आपल्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर पाठवलेल्या ओटीपीच्या आधारे यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे. सबब बँकेची कोणतीही जबाबदारी राहत नाही.’ नाव, खाते क्रमांक, रक्कम बदलते, मजकूर तोच. बँक कोणतीही असो, भाषेतही फारसा फरक नसतो. हे उत्तर कायद्याच्या कसोटीला उतरत नाही. ते का उतरत नाही आणि त्याच्या जागी काय असायला हवे, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी ग्राहकांच्या मर्यादित जबाबदारीबाबतचे परिपत्रक काढले. सहकारी बँकांसाठी तेच नियम १४ डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने आले. त्यातली ‘तीन दिवसांत कळवा’ ही अट शाखेतल्या नव्या कारकुनालाही पाठ असते. पण त्याच परिपत्रकात एक छोटे कलम आहे: अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील. घोडे इथेच पेंड खाते. वरच्या दोन वाक्यांच्या पत्रात काहीही सिद्ध केलेले नसते. बँकेच्या संगणकाने काय नोंदवले तेवढे त्यात असते, आणि उरलेले ग्राहकाच्या माथी मारलेले असते.

ओटीपीवरून नेमके काय कळते? पाठवलेले सहा आकडे ठरलेल्या वेळेत सर्व्हरकडे परत आले, एवढेच. ते कोणी टाकले, कुठून टाकले, कोणत्या हँडसेटवरून टाकले, हे त्यावरून कळत नाही. आणि ते आकडे चोरापर्यंत पोचण्याच्या वाटा अनेक आहेत. वीजबिल, वाहतूक दंड किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके फाइल (फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल) उघडली, की ते अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मिळवते आणि येणारा प्रत्येक संदेश गुपचूप दुसऱ्या क्रमांकाकडे पाठवते. स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे अ‍ॅप चालू असेल, तर आकडे वाचून दाखवायचीही गरज उरत नाही. सिम स्वॅपमध्ये, म्हणजे चोराने ग्राहकाच्या क्रमांकाचे दुसरे सिम काढून घेतले, तर ग्राहकाच्या हातातला फोन मुका होतो आणि ओटीपी थेट चोराच्या सिमवर उतरतो. यांपैकी एकाही प्रकारात ग्राहकाने ओटीपी ‘दिलेला’ नसतो. आकडे स्वतःच्या तोंडाने सांगणे हा चौथा प्रकार. निष्काळजीपणा हा शब्द खऱ्या अर्थाने लावता येतो तो तिथे, आणि तिथेही डोळे मिटून नाही.

हे चार प्रकार वेगळे ओळखण्याचा पुरावा ग्राहकाकडे नसतो. त्याच्याकडे असतो एक एसएमएस आणि पासबुकातली एक ओळ. अ‍ॅप कोणत्या उपकरणाशी जोडलेले होते आणि ती जोडणी शेवटची कधी बदलली, लॉगिन कोणत्या आयपी पत्त्यावरून झाले, नवा लाभार्थी किती वाजता जोडला आणि पहिली रक्कम किती मिनिटांनी गेली, त्याच दिवशी व्यवहारमर्यादा वाढवली होती का, हे सगळे आपल्या लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदवहीत, असते. ज्याच्या ताब्यात पुरावा, त्याच्यावर सिद्धतेचा भार. नियम ग्राहकावर मेहरबानी करत नाही, तो फक्त वस्तुस्थितीला धरून आहे.

आता निकालांकडे येऊ. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की एसएमएस अ‍ॅलर्ट पाठवला आणि ग्राहकाने त्याला उत्तर दिले नाही, एवढ्यावरून नुकसान त्याच्यावर टाकता येणार नाही; प्रत्येक खातेदार सतत संदेश पाहत बसतो असे गृहीत धरता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयासमोर बँक ऑफ बडोदाचे प्रकरण होते. एका कंपनीच्या खात्यातून १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुमारे ७६ लाख ९० हजार रुपये गेले. लाभार्थी जोडले जात असताना खातेदाराला ओटीपी आलाच नव्हता, आणि सायबर पोलिसांच्या अहवालातही त्याचा निष्काळजीपणा दिसला नाही. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांनी तक्रार नाकारली होती. न्यायालयाने जून २०२४ मध्ये तो निर्णय रद्द करून बँकेला रक्कम परत करायला सांगितले, आणि आधार घेतला तो २०१७ च्या परिपत्रकाचा आणि बँकेच्या स्वतःच्या धोरणाचा. आपले धोरण आपल्याच विरुद्ध वाचले जाते, हे या निकालातून संचालकांनी टिपून ठेवावे.

नोव्हेंबर २०२४ मधला दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल याच्याही एक पाऊल पुढे जातो. तिथे ग्राहकाने फसव्या लिंकवर क्लिक केले होते आणि २ लाख ६० हजार रुपये गेले होते. बँकेचा बचाव नेहमीचाच: व्यवहार ओटीपीने झाले. न्यायालयाने तो मानला नाही, बँकेच्या सेवेतली त्रुटी धरली आणि रक्कम व्याजासह द्यायला लावली. मग ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्धची स्टेट बँकेची याचिका फेटाळली. रक्कम ९४ हजार रुपयांच्या आसपास. ग्राहकाने ऑनलाइन खरेदी केली होती, वस्तू परत करताना विक्रेत्याच्या नावाने फोन आला, त्याने सांगितलेले अ‍ॅप उतरवले गेले आणि पैसे गेले. ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले होते. बँकेकडे आज उपलब्ध असलेले उत्तम तंत्रज्ञान आहे, तेव्हा असे व्यवहार ओळखून रोखण्याबाबत तिने दक्ष राहिले पाहिजे, असे न्यायालयाने नोंदवले. ओटीपी कुणाला सांगू नये, असे ग्राहकांनाही बजावले.

विशेष अनुमती याचिका, म्हणजे अपिलाची परवानगी मागणारी अशी याचिका, थोडक्यात फेटाळली गेली म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने नवा कायदा घालून दिला असे होत नाही, असे आपले वकील सांगतील. ते बरोबरच आहे. सगळे निकाल ग्राहकाच्या बाजूने लागतात असेही नाही. वस्तुस्थितीचाच वाद असेल तर उच्च न्यायालये रिट याचिकेत हात घालत नाहीत आणि ग्राहक आयोगाकडे बोट दाखवतात. पण मुद्दा वेगळा आहे. या निकालांत बँका हरल्या, त्या ग्राहकाचा निष्काळजीपणा दाखवणारे काही ठोस त्यांनी पुढे ठेवले नाही म्हणून. ‘ओटीपी टाकला’ याच्या पलीकडे त्यांचा युक्तिवाद गेलाच नाही.

दिवस मोजण्यात होणारी चूक हा यापेक्षा साधा आणि म्हणूनच जास्त चीड आणणारा भाग. तीन दिवस हे कामकाजाचे दिवस आहेत, ते खातेदाराच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे मोजायचे आहेत, आणि बँकेची सूचना मिळाली तो दिवस मोजणीत धरायचा नाही. समजा शुक्रवारी रात्री पावणेबाराला पैसे गेले आणि तेव्हाच एसएमएस आला. शनिवार महिन्यातला दुसरा, रविवार सुट्टीचा. सोमवार पहिला दिवस, मंगळवार दुसरा, बुधवार तिसरा. बुधवारी संध्याकाळी आलेली तक्रारही शून्य जबाबदारीत बसते, म्हणजे ग्राहकाला काहीच सोसावे लागत नाही. तक्रार कक्षाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र घड्याळ व्यवहाराच्या क्षणापासून आणि कॅलेंडरप्रमाणे धावते, आणि हाच ग्राहक ‘पाचव्या दिवशी आला’ असे ठरते. हा दोष धोरणात नसतो, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये असतो. एका दुपारचे काम आहे.

चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची जबाबदारी मर्यादित राहते, आणि ती प्रत्येक व्यवहारामागे मोजायची आहे: मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये; इतर बचत खाती, प्रीपेड वॉलेट, सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची चालू व कॅश क्रेडिट (कर्जमर्यादेची) खाती, व्यक्तींची २५ लाखांपर्यंत वार्षिक सरासरी शिल्लक किंवा मर्यादा असलेली तशीच खाती, ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेली क्रेडिट कार्डे यांना १०,०००; त्यावरच्या कार्डांना व उरलेल्या चालू खात्यांना २५,०००. व्यवहाराची रक्कम आणि ही मर्यादा यांतली जी कमी असेल ती लागू. बचत खात्यातून एका फटक्यात ४०,००० गेले आणि पाचव्या दिवशी कळवले, तर ग्राहकाचे १०,००० जातात आणि बँकेने ३०,००० द्यायचे. गेलेली रक्कम ६,००० असेल तर मात्र सगळे ६,००० ग्राहकाचेच. सात दिवसांनंतर संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण चालते. ते धोरण लोकांना वाचता येईल असे जाहीर करणे बंधनकारक आहे. कित्येक संकेतस्थळांवर ते शोधताना दमछाक होते, हा भाग वेगळा.

सूचना मिळाल्यापासून घड्याळ सुरू होते, म्हणजे सूचना पोचली हे आधी दाखवावे लागते. एसएमएस ‘पाठवला’ आणि ‘पोचला’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. बँका पहिली दाखवतात. दुसरी, म्हणजे मोबाइल कंपनीकडून परत येणारा पोच अहवाल, क्वचितच जोडलेली दिसते. संदेश पोचल्याची आणि ग्राहकाचे उत्तर आल्याची तारीख व वेळ नोंदली जाईल अशी यंत्रणा ठेवायला परिपत्रकाने सांगितलेले आहे; तेव्हा ‘ती नोंद आमच्याकडे नसते’ हे कारण चालत नाही.

आधारवर अंगठा लावून पैसे काढण्याच्या व्यवहारांत तर ही तफावत उघडी पडते. तिथे ओटीपी नाही, पिन नाही. कागदपत्रांवरून उचललेल्या ठशाची नक्कल करून पैसे काढल्याचे प्रकार झालेले आहेत. खातेदार अनेकदा मोबाइल नसलेला किंवा क्रमांक न जोडलेला, त्यामुळे त्याला सूचना मिळते ती पासबुक भरून घेताना, कधी दोन-तीन महिन्यांनी. अशा माणसाला ‘आपण आपली गोपनीय माहिती दिलीत’ असे छापील पत्र गेलेले आहे. अंगठा गोपनीय ठेवायचा म्हणजे काय करायचे, हे त्या पत्रात नव्हते.

निष्काळजीपणा खरोखरच ग्राहकाचा असेल तर? तेव्हाही नियम संपत नाही. ग्राहकाने कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. सकाळी १०.०५ ला २०,००० गेले, १०.२० ला ग्राहकाने हेल्पलाइनवर सांगितले, १०.४५ ला आणखी ५०,००० गेले, तर हे ५०,००० बँकेने भरायचे, ओटीपी कुणी का दिला असेना. म्हणून कळवण्याची वेळ मिनिटासकट महत्त्वाची. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. फोन लागतो, मेनू ऐकवला जातो, ‘कार्ड बंद करण्यासाठी अमुक दाबा’. कार्ड बंद होते. यूपीआय आणि नेट बँकिंग तसेच चालू राहते. तक्रार क्रमांक मिळत नाही, किंवा मिळतो तो दुसऱ्या दिवशी शाखेत अर्ज दिल्यावर, आणि नोंदीत वेळ पडते ती दुसऱ्या दिवसाची. परिपत्रकानुसार तक्रार येताच तिची पोच क्रमांकासह तत्काळ गेली पाहिजे. आमचे म्हणणे असे की कॉल जोडला गेला ती वेळ हीच कळवल्याची वेळ धरावी, आणि ग्राहकाने आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला असेल तर त्या फोनची वेळही बँकेला कळवल्याची मानावी. त्या यंत्रणेतून माहिती आपल्यापर्यंतच येते. एकाच सूचनेत कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग आणि आधार व्यवहार सगळे थांबेल असा एक पर्याय हेल्पलाइनच्या पहिल्याच मेनूत हवा.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा व्हायला हवी. तीही व्यवहाराच्या मूळ तारखेपासून, म्हणजे व्याजाचा तोटा नको आणि क्रेडिट कार्डावर व्याजाचा बोजा नको. विम्याचा दावा मिटण्याची वाट पाहायची नाही. नव्वद दिवसांत जबाबदारी ठरवायची, आणि ठरवता आली नाही तर वर सांगितलेल्या मर्यादांप्रमाणे भरपाई द्यायची. ही तात्पुरती जमा म्हणजे ग्राहकाच्या चिकाटीचे बक्षीस असल्यासारखी वागवली जाते. जो नियमाचा आकडा घालून पत्र लिहितो त्याला मिळते, बाकीच्यांना ‘तपास चालू आहे’. तपास चालू असतानाच ती द्यायची असते.

अंतर्गत लोकपालांबद्दल, म्हणजे फेटाळायच्या तक्रारी पुन्हा तपासायला बँकेनेच नेमलेल्या अधिकाऱ्याबद्दल, थोडे. ज्या बँकांना ही व्यवस्था लागू आहे, तिथे पूर्णतः किंवा अंशतः फेटाळायची तक्रार वीस दिवसांच्या आत आपोआप अंतर्गत लोकपालांकडे गेली पाहिजे. उत्तराच्या पत्रात ‘अंतर्गत लोकपालांनी तपासले’ असे एक वाक्य असते. त्यांनी काय तपासले? लॉग पाहिले, की शाखेची टिप्पणी? रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेतही एक फट आहे: सविस्तर कागदोपत्री व तोंडी पुराव्याची गरज असलेली तक्रार लोकपाल बंद करू शकतात. बँकेने कागदच दिले नाहीत, की प्रकरण ‘गुंतागुंतीचे’ दिसते आणि बंद होते. कागद न देणाऱ्याचा त्यात फायदा, हे उघड आहे.

डिजिटल अटकेची, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून फोनवर धमकावण्याची, प्रकरणे आम्ही मुद्दाम वेगळी ठेवतो. तिथे ग्राहक घाबरून स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो, तेव्हा ‘अनधिकृत व्यवहार’ या व्याख्येत ते बसवणे अवघड जाते, आणि ते बसते असा दावा आम्ही करत नाही. पण पैसे जातात ते कुठल्यातरी बँकेतल्याच खात्यात. भाड्याने दिलेले खाते, महिनोन्‌महिने शिल्लक नगण्य, आणि अचानक एका दुपारी लाखो येऊन तासाभरात दहा ठिकाणी वाटले जातात. ते खाते उघडणारी आणि पाहत राहणारी बँक आपल्यापैकीच एक असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या विषयाची स्वतःहून दखल घेतली, डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला आणि अशी खाती ओळखून गोठवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता का वापरली जात नाही, असे रिझर्व्ह बँकेला विचारले. पैसे पाठवणाऱ्या बँकेइतकेच प्रश्न आता पैसे घेणाऱ्या बँकेलाही येणार.

आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेले, रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले प्रमाणीकरणाचे (ग्राहकाची ओळख पटवण्याचे) निर्देश संचालकांनी स्वतः वाचावेत. ते लहान आहेत. डिजिटल व्यवहाराला ओळख पटवणारे किमान दोन स्वतंत्र घटक हवेत आणि कार्ड प्रत्यक्ष वापरले जात नसेल तिथे एक तरी त्या व्यवहारापुरताच निर्माण झालेला हवा. ठिकाण, उपकरण, खर्चाची सवय पाहून धोकादायक व्यवहाराला जास्तीची तपासणी लावता येते. आणि निर्देश न पाळता झालेल्या व्यवहारात नुकसान झाले, तर ते ग्राहकाला संपूर्ण, कुरकुर न करता भरून द्यायचे. ‘ओटीपी टाकला’ या वाक्याची या निर्देशांपुढे काय किंमत राहते, ते आपणच ठरवावे. रात्री दोन वाजता, नव्या उपकरणावरून, वीस मिनिटांपूर्वी जोडलेल्या लाभार्थ्याला खात्यातली सगळी शिल्लक जाते आणि यंत्रणा ओटीपी बरोबर आहे एवढेच पाहून गप्प राहते, हे न्यायालयाला समजावून सांगणे दिवसेंदिवस कठीण होत जाणार आहे.

तेव्हा मागणी एवढीच. तक्रार फेटाळायची असेल तर पत्रासोबत हे जोडा: ओटीपी आणि अ‍ॅलर्ट या दोन्हींचा पोच अहवाल, वेळेसकट, उपकरण जोडणीचा इतिहास, निदान मागच्या तीस दिवसांचा, लाभार्थी जोडल्याची आणि मर्यादा बदलल्याची नोंद, लॉगिनचा आयपी पत्ता, हेल्पलाइनवरच्या कॉलची सुरुवातीची वेळ, आणि ग्राहकाने नेमकी कोणती चूक केली, तिचा पुरावा कोणता, हे साध्या मराठीत एक परिच्छेद. संगणकीय नोंदींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे; ग्राहक आयोगात तेच विचारले जाते, आणि दोन वर्षांनी ते शोधताना लॉग पुसले गेलेले असतात. तक्रार येताच ते लॉग राखून ठेवण्याचा आदेश आयटी विभागाला आपोआप जावा. यातले काहीच जोडता येत नसेल, तर सिद्धतेचा भार उचलला गेलेला नाही, आणि अशा तक्रारीत पैसे परत करणे हाच नियम आहे.

अनधिकृत व्यवहारांचा आढावा ग्राहक सेवा समितीने वेळोवेळी घ्यायचा असतो आणि असे सगळे व्यवहार अंतर्गत लेखापरीक्षकांनी तपासायचे असतात. तेही त्याच परिपत्रकात आहे. पुढच्या बैठकीत आकड्यांच्या तक्त्यावर थांबू नका. गेल्या तिमाहीत फेटाळलेल्या तक्रारींची कोणतीही पंचवीस पत्रे मागवा, त्यांत ‘ओटीपी’ या शब्दानंतर काय लिहिले आहे ते पाहा, आणि किती पत्रांना एक तरी लॉग जोडला आहे ते मोजून इतिवृत्तात लिहून घ्या.

कळावे,
बँक-ग्राहक वादांची कागदपत्रे हाताळणारे काही जण